देवाची सत्ता आणि माणसाचे बदलते दिवस

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव सार्वभौम आहे. सृष्टी, इतिहास आणि प्रत्येक माणसाचे आयुष्य त्याच्या सत्तेखाली आहे. जग एकदा घडवून त्याने ते वाऱ्यावर सोडलेले नाही. तो ते रोज सांभाळतो आणि स्वतः ठरवलेल्या शेवटाकडे नेतो. या सांभाळण्याला धर्मशास्त्रात दैवी तरतूद म्हणतात. मराठी मंडळ्यांमध्ये रोजच्या बोलण्यात 'प्रभूची योजना' किंवा 'देवाची इच्छा' हे शब्द येतात. दिवस बरे चालले असताना ही गोष्ट मान्य करायला फारसे कष्ट पडत नाहीत. नोकरी सुटते, गाव सोडावे लागते, तपासणीचा अहवाल हाती येतो, घरातले माणूस जाते, मुले परदेशी जाऊन घर रिकामे होते, तेव्हा तिचा कस लागतो. या सिद्धान्ताचा ऊहापोह त्यामुळेच पंडितांच्या सभांइतकाच आजाऱ्याच्या खाटेशी, कबरस्तानात आणि तुरुंगातही झालेला आहे.

विषयात शिरण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'देवाची इच्छा' हे शब्द कोण उच्चारतो, कोणासमोर आणि कधी, यावर त्यांचे मोल ठरते. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याने पुष्कळ काळाने, रडून-भांडून झाल्यावर ते उच्चारले तर ती श्रद्धेची कबुली असते. सांत्वनाला आलेल्याने उंबऱ्यावरच ते उच्चारले तर जखमेवर मीठ पडते. बायबल हा फरक फार काटेकोरपणे पाळते. सिद्धान्ताच्या पुढच्या इतिहासात मात्र तो अनेकदा विसरला गेला आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघाले.

या संदर्भात पहिली कथा येते ती उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाची. सतरा वर्षांच्या योसेफाला त्याचे भाऊ कोरड्या विहिरीत टाकतात आणि मिसरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना चांदीच्या वीस नाण्यांना विकतात. तिथे पोटीफराच्या घरी तो विश्वासाने चाकरी करतो, खोट्या आरोपावरून तुरुंगात जातो, आणि ज्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला तो सुटल्यावर त्याला विसरून जातो. त्यानंतर आणखी दोन वर्षे तुरुंगातच जातात. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहतो, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरण्याचा सल्ला देतो आणि साऱ्या देशाचा कारभारी होतो. पुढे दुष्काळ पडतो, भाऊ धान्याच्या शोधात येतात आणि अखेर ओळख पटते.

ही गोष्ट सांगताना शेवटाकडे धाव घेतली जाते, पण खरा बोध मधल्या वर्षांत आहे. या सगळ्या कथेत देव योसेफाशी थेट एकदाही बोलत नाही. अब्राहामाशी तो बोलला होता, याकोबाशी बोलला होता. योसेफाच्या वाट्याला फक्त स्वप्ने आली. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, हे निवेदक वाचकाला सांगतो. तुरुंगात बसलेल्या योसेफाला हे कोणी सांगितल्याचा उल्लेख नाही. योसेफ गप्पही बसत नाही. आपल्याला इब्री लोकांच्या देशातून चोरून आणले आहे, इथेही आपण काही गुन्हा केलेला नाही, असे तो प्यालेबरदाराला स्पष्ट सांगतो आणि फारोच्या कानावर घालून आपल्याला सोडव, अशी गळ घालतो. सुटकेसाठी वशिला लावणे आणि देवावर विसंबणे यांत त्याला विरोध दिसत नाही. भावांनी वाईट योजले पण देवाने त्यातून पुष्कळांचे प्राण वाचवले, अशा आशयाचे त्याचे प्रसिद्ध उद्गार उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात येतात. कथेतल्या वयांचा हिशेब केला तर विकला गेल्याला तोवर सुमारे ३९ वर्षे उलटलेली असतात. बाप वारल्यावर भाऊ सूडाच्या भीतीने पाया पडायला आलेले असतात आणि योसेफ रडतो. भावांचे कृत्य वाईटच होते, हे तो झाकत नाही. त्याच कृत्यात देवाचाही हेतू होता, एवढे तो त्याच्या जोडीला ठेवतो. हे शब्द भावांच्या तोंडी असते तर? आम्ही तुला विकले ते देवाच्या योजनेनेच, असे ते म्हणाले असते तर ती निव्वळ निर्लज्जपणाची बोली झाली असती.

व्यक्तीच्या कथेपलीकडे साऱ्या समाजाचे आयुष्य उलथण्याचा प्रसंग यहुदी लोकांवर इसवीसनपूर्व ५९७ मध्ये आला. बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि राजासह तिथले कारागीर, योद्धे, मानकरी पकडून नेले. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र पाठवले. घरांघरांत दिनदर्शिकेवर छापलेले आढळणारे, भविष्य आणि आशा देण्याविषयीचे वचन याच पत्रातले. ते वचन सुटे वाचले की लवकरच सगळे नीट होईल असे आश्वासन वाटते. मूळ पत्रात मात्र त्याच्या आधी सत्तर वर्षांची मुदत घातलेली आहे. दोन वर्षांत सगळे परत येतील असे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगत होता आणि लोकांना तेच ऐकायला हवे होते. यिर्मयाने त्याला खोटे ठरवले. ज्यांच्या नावे पत्र आले होते त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. त्यांना सांगितले होते ते असे: घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात कैदी म्हणून आला आहात त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नको असलेल्या जागी मूळ धरण्याची ही आज्ञा ख्रिस्ती परंपरेत पुढे स्थलांतरितांना, निर्वासितांना आणि बदलीच्या गावी गेलेल्यांना पुन्हापुन्हा वाचून दाखवली गेली. भरवशाला मुदत नसते, आणि ज्याला भरवसा आहे त्याला आजचे काम टाकून बसता येत नाही, हे दोन्ही त्या पत्रात एकत्र येते.

ईयोबाचे पुस्तक याच प्रश्नाला सर्वांत जास्त जागा देते. मालमत्ता आणि मुले एकामागून एक गेल्यावर ईयोब सुरुवातीला देवाने दिले आणि देवानेच नेले अशा अर्थाचे बोलतो. अंत्यविधीच्या वेळी हे वाक्य इतके म्हटले जाते की ईयोब तिथेच थांबला असा समज होतो. तो थांबत नाही. पुढचे जवळजवळ सगळे पुस्तक त्याच्या तक्रारीने भरलेले आहे: तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायालयात खेचू पाहतो, उत्तर मागतो. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर आधी सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसतात, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. बोलायला लागल्यावर ते देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्याच हातून काही पाप घडले असले पाहिजे, हा हिशेब मांडत राहतात. वाक्ये सुटी घेतली तर त्यांचे बरेचसे बोलणे धार्मिक दृष्ट्या निर्दोष वाटते. तरीही शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो. देवाची बाजू घेणाऱ्यांना देवच खोटे ठरवतो आणि देवाशी भांडणाऱ्याला खरे ठरवतो! वावटळीतून आलेल्या देवाच्या भाषणात ईयोबाच्या 'का'चे उत्तर नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राचे दरवाजे, रानटी गाढव आणि शहामृग यांच्याबद्दल प्रश्नांवर प्रश्न आहेत. ईयोबाला कारण कळत नाही. ज्याच्याशी तो भांडत होता तो समोर आला, एवढे कळते आणि त्याला ते पुरते.

हाच सूर स्तोत्रसंहितेत आहे. तिच्यातल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात टिकले. नवरा आणि दोन मुलगे गमावून बेथलेहेमला परतलेली नामी सर्वसमर्थाने आपले आयुष्य कडू केले असे गावच्या बायकांपुढे बोलते, आणि रूथच्या पुस्तकात तिला कोणी दटावत नाही. हा विलाप देवाकडेच केलेला आहे. देवाची सत्ता मानली नसती तर तक्रार करायला दारच उरले नसते.

शुभवर्तमानांत येशू या शिकवणीला दोन बाजूंनी वळण देतो. एकीकडे क्षुल्लक किमतीला विकली जाणारी चिमणीही पित्याच्या नजरेबाहेर नाही असे तो सांगतो. दुसरीकडे, दुर्घटनेवरून माणसाची पात्रता ठरवण्याची वाट तो बंद करतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, या प्रश्नाला त्याचे उत्तर स्वच्छ नकाराचे आहे. जन्मांध माणसाविषयी कोणाचे पाप, त्याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात, तेव्हाही तो दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. कर्मविपाकाच्या कल्पना ज्यांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत अशा मराठी वाचकाला हा फरक विशेष जाणवेल. प्रारब्धात हिशेब असतो, हिशेब ठेवणारा कोणी असलाच पाहिजे असे नाही. ख्रिस्ती तरतुदीच्या केंद्रस्थानी पिता आहे, आणि पित्याकडे विनवणी करता येते.

ती विनवणी येशूने स्वतः गेथशेमाने बागेत केली. हा प्याला टळावा असे त्याने मागितले, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा, आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. दोन हजार वर्षांचे ख्रिस्ती चिंतन या क्रमाभोवती फिरते आहे. आधी मागणे, मग मान तुकवणे. मागणे गाळून थेट शरणागतीवर उडी घेणारी भक्ती येशूपेक्षाही धीट म्हणावी लागेल. पौलाच्या पत्रांतही हाच क्रम आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि त्या दुबळेपणातच कृपा पुरी पडते असे तो करिंथकरांना लिहितो. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला आपण शिकलो, असे तो फिलिप्पैकरांना तुरुंगातून कळवतो. त्यातले 'शिकलो' महत्त्वाचे. समाधान त्याला जन्मतः मिळाले नव्हते. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून भले घडवतात, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले विधान तर या विषयाचा कणा मानले जाते. त्याच अध्यायात पौल छळ, उपासमार, नग्नता, तलवार यांची यादी देतो आणि साऱ्या सृष्टीचे कण्हणे ऐकतो. त्याच्या लेखी 'भले' म्हणजे सुखसोय नव्हे; पुत्राच्या प्रतिमेसारखे घडणे, हा त्याचा अर्थ तो पुढच्याच वचनात देतो.

चर्चच्या इतिहासात हा सिद्धान्त बहुधा कोसळत्या काळात घासूनपुसून लख्ख झाला. इसवी सन ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा जुन्या देवांना सोडल्याचे हे फळ, असा ठपका ख्रिस्ती लोकांवर आला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने ४१३ ते ४२६ या काळात 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. साम्राज्ये देवाच्या परवानगीने उठतात आणि पडतात, पण कोणतेही साम्राज्य देवाचे राज्य नव्हे, हा त्याचा मुद्दा. यशावरून देवाची मर्जी आणि अपयशावरून त्याचा राग ओळखता येत नाही, कारण या जगात दोन्ही सज्जन-दुर्जनांना सारखेच भेटतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने कारणांच्या दोन पातळ्या मांडल्या: देव हे पहिले कारण, आणि निसर्ग व माणूस ही खरीखुरी दुय्यम कारणे. शेतात पीक देवही देतो आणि शेतकरीही पिकवतो. एकाचे श्रेय वाढले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही.

सोळाव्या शतकात या चिंतनाला दोन अगदी वेगळ्या दिशांनी व्यवहाराचे रूप आले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला बास्क सरदार इग्नासियो लोयोला खाटेवर पडून ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचत होता. वीरकथा त्या घरात मिळाल्या नाहीत म्हणून. आयुष्याला मिळालेल्या त्या कलाटणीतून पुढे येशूसंघ जन्मला आणि १५४८ मध्ये इग्नासियोचे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक छापले गेले. आरोग्य वा आजार, श्रीमंती वा गरिबी, दीर्घ वा अल्प आयुष्य यांपैकी कशाचाच आधीपासून हट्ट न धरता देवाच्या सेवेला जे उपयोगी ते निवडावे, ही त्याची पायाभूत अट. बदलाच्या काळासाठी त्याने दिलेला एक नियम आजही कॅथलिक मार्गदर्शक सांगतात: मन उदास, कोरडे, सैरभैर असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. ज्यांनी नोकरीचा राजीनामा मध्यरात्री लिहिला आहे त्यांना या नियमाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी दिशा जिनिव्हा आणि हायडेलबर्गची. जॉन कॅल्व्हिनच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत दैवी तरतुदीवर सलग अध्याय आहेत. ते लिहिणारा स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला, एकुलते मूल बाळपणीच आणि पत्नी १५४९ मध्ये गमावलेला होता. तरतुदीच्या श्रद्धेचा उपयोग भविष्य ओळखण्यासाठी करू नये, इलाज आणि सावधगिरी सोडू नये, असे तो बजावतो; औषध हीसुद्धा तरतूदच. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न असून ती वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेली आहे. दहाव्या रविवारी तरतुदीचा प्रश्न येतो आणि लगेच, ही श्रद्धा ठेवून फायदा काय, असे विचारले जाते. उत्तराचा आशय असा: विपत्तीत धीर, सुखात कृतज्ञता आणि पुढच्या दिवसांविषयी भरवसा. शेतात पाऊस पडो वा न पडो, घरात सुबत्ता असो वा आजार, हे सारे पित्याच्या हातून येते असे ती शिकवते. लहान मुलांच्या पाठांतरासाठी तयार झालेल्या मजकुरात इतकी नेमकी मांडणी क्वचितच आढळते.

देव सगळे ठरवतो तर माणसाच्या स्वातंत्र्याचे काय, यावर मतभेद झालेच. स्पॅनिश येशूसंघी (जेझुइट) लुइस दे मोलिना याने १५८८ मध्ये, आणि नेदरलँड्समध्ये अर्मिनियसने त्यानंतर, देवाच्या पूर्वज्ञानाला आणि माणसाच्या निवडीला एकत्र बसवण्याचे वेगवेगळे मार्ग सुचवले. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने अर्मिनियसच्या अनुयायांचे मत फेटाळले. हा वाद आजही मिटलेला नाही आणि त्याचा तपशील इथे आवश्यक नाही. दोन्ही बाजूंचे लोक आजारपणात गुडघे टेकून त्याच पित्याकडे तीच प्रार्थना करतात, हे मात्र नोंदवण्याजोगे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने, लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. चर्चमध्ये जमलेले लोक तिथेच गाडले गेले. जे आहे ते सर्वोत्तमच आहे असे सांगणारा त्या काळचा सुखासीन आशावाद व्हॉल्तेअरने आपल्या लेखनातून फोडून काढला, आणि तो आशावाद त्याच लायकीचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये जॉन वेस्लीने मेथॉडिस्ट लोकांसाठी पहिली करारनूतनीकरणाची उपासना घेतली. या उपासनेच्या प्रार्थनेत भक्त आपली नेमणूक देवावर सोपवतो: कामाला लावले तरी चालेल, बाजूला ठेवले तरी चालेल, भरलेले असो वा रिकामे. निवृत्तीच्या, बेकारीच्या, लांबलेल्या आजाराच्या दिवसांत बाजूला ठेवले जाणे हे काम मिळण्याइतकेच देवाच्या हातचे मानणे फार अवघड असते. वर्षाच्या आरंभी मेथॉडिस्ट मंडळ्या ही उपासना आजही करतात.

विसाव्या शतकात या सिद्धान्ताचा सर्वांत घातक गैरवापर जर्मनीत झाला. हिटलरचा उदय हा देवानेच दिलेला ऐतिहासिक क्षण आहे, असे 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणारा गट सांगू लागला. १९३४ च्या बार्मेन घोषणेने त्याला विरोध केला: येशू ख्रिस्ताखेरीज इतर कोणत्याही घटनेला, सत्तेला वा व्यक्तीला देवाचे प्रकटीकरण मानायला तिने नकार दिला. घडले ते देवाच्या सत्तेखाली घडले, पण घडले म्हणून ते देवाला मान्य होते असे होत नाही. दीट्रिख बोनहॉफर या पाळकाने ही भूमिका स्वतःच्या आयुष्याने निभावली. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित असूनही तो परतला, एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी देण्यात आली. १९४२ च्या अखेरीस मित्रांसाठी लिहिलेल्या निबंधात, अत्यंत वाईटातूनही देव चांगले घडवू शकतो, मात्र त्यासाठी तो माणसांच्या प्रार्थनेची आणि जबाबदार कृतीची वाट पाहतो, असे त्याने मांडले. देव म्हणजे कालातीत नियती नव्हे, हे त्याचे म्हणणे सगळ्या परंपरेचे सार आहे.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावची शेतजमीन हे त्यांचे घर झाले आणि मुक्ती सदन उभे राहिले. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. लहानपणी ज्या उपासमारीने त्यांचे घर रिकामे केले तिच्याच आठवणीने त्यांना त्या मुलींपर्यंत नेले. योसेफाची कोठारे आणि केडगावची शेते यांत हे साम्य आहे: झालेले नुकसान भरून आले नाही, पण ते इतरांच्या उपयोगी पडले. १९२१ मध्ये मनोरमाही वारली. रमाबाई आईच्या दुःखासह बायबलच्या भाषांतराचे काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये वारल्या.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरात या श्रद्धेची वाट अधिक खडबडीत आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. संसार काही वर्षे दोन ठिकाणी विभागला गेला आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एकाला जी देवाची हाक वाटली ती दुसऱ्यासाठी घर मोडणारा घाव होती. देवाच्या इच्छेविषयी बोलताना हा भाग गाळणे सोपे असते, पण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त तो गाळला नाही, आणि म्हणूनच त्या पुस्तकातली श्रद्धा खरी वाटते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत. वारकऱ्यांची शरणागती त्यांच्या भजनांत ख्रिस्ताच्या नावे आली आणि मराठी मंडळ्यांना देवावरचा भरवसा गाण्यासाठी आपले सूर मिळाले.

मराठी संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतले लोक मोठ्या संख्येने आले. ज्यांचे हाल माणसांनी बांधलेल्या व्यवस्थेमुळे झाले त्यांना देवाची इच्छा म्हणून सोसायला सांगणे म्हणजे योसेफाच्या भावांची बाजू घेणे होय. देव सार्वभौम असेल तर जातीची उतरंड सार्वभौम नाही, हा त्याच सिद्धान्ताचा दुसरा अर्थ आहे आणि मंडळ्यांनी तो नेहमी पुरेशा धैर्याने सांगितला असे म्हणता येत नाही.

व्यवहारात निर्णयाची वेळ येते तेव्हा ही परंपरा काही साध्या गोष्टी सांगते. याकोबाचे पत्र उद्याचा बेत आखायला मनाई करत नाही. तो आखताना 'प्रभूची इच्छा असेल तर' असे धरून चालायला सांगते. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या आशिया प्रांत आणि बिथुनिया या दोन्ही वाटा अडवल्या जातात. तो त्रोवसपर्यंत चालत राहतो आणि तिथे मासेदोनियाचे बोलावणे येते. पुढची दिशा त्याला घरी बसून कळलेली नाही. प्रार्थना, शास्त्राचे वाचन, जाणत्यांचा सल्ला, स्वतःची कुवत आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार करावा. त्यातल्या एखाद्या योगायोगाला एकट्यालाच देवाची खूण मानू नये. चूक झाली तरी ती देवाच्या सत्तेबाहेर जात नाही, त्यामुळे अचूक निवडीच्या धास्तीने हातपाय गाळून बसण्याचेही कारण उरत नाही.

राहतो तो प्रश्न कधीच न उलगडलेल्या दुःखांचा: तान्ही मुले, अकाली मृत्यू, ज्यातून कोणतेही भले निघालेले दिसत नाही अशा आपत्ती. ३९ वर्षांनी मागे वळून पाहण्याची सोय योसेफाला मिळाली. बाबेलमध्ये मेलेल्या कैद्यांना ती मिळाली नाही. ख्रिस्ती श्रद्धा इथे हिशेब या आयुष्यात पुरा होतो असे म्हणत नाही. वधस्तंभावर मेलेल्याला देवाने तिसऱ्या दिवशी उठवले, या एका घटनेवर ती आपला भरवसा टेकवते आणि उरलेल्या हिशेबासाठी मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहते. त्या दिवसापर्यंत मंडळीच्या उपासनेत उपकारस्तुती आणि विलाप या दोन्ही प्रकारच्या प्रार्थना शेजारी शेजारी म्हटल्या जातात.